साडूची जुडी

दोन साडू एकाच धंद्यात असले की सासुरवाडीला जेवायला जाणं म्हणजे परीक्षेला बसणं. मीटर गेली तेवीस वर्षं या परीक्षेला बसत होता आणि दर वेळी त्याचा दुसरा नंबर येत होता. परीक्षेला दोघंच होते, ही गोष्ट वेगळी.

मीटर हे त्याचं टोपणनाव. सासरे तेव्हा सासरे नव्हते, उस्ताद होते. गिटारचे, गाणाऱ्यांचे, सभागृहांचे आवाज मोठा करणारे, काचेच्या व्हॉल्व्हवाले ॲम्प दुरुस्त करायचं त्यांचं वर्कशॉप होतं. तिथे शिकताना हा मुलगा वीज मोजायचा मीटर टेकवल्याशिवाय कशावरच मत देत नसे. चहा गार झालाय का विचारलं तरी हा मीटर लावून बघेल, असं उस्ताद म्हणाले आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. त्याच्या मागून तीन वर्षांनी दुसरा मुलगा आला. बंद दाराबाहेर उभा राहून आत कुठला ॲम्प चालू आहे ते तो सांगायचा. त्याला उस्तादांनी नाव दिलं कानसेन. पुढे थोरल्या मुलीशी मीटरचं लग्न झालं, धाकटीशी कानसेनचं, आणि हेवा रीतसर घरात आला.

कानसेनचं काम बघण्यासारखं असायचं, हे मीटरलाही नाकारता येत नव्हतं. गिऱ्हाईक ॲम्प आणून ठेवायचं. कानसेन चार पावलं लांब उभा राहायचा, डोळे मिटायचा, मान किंचित डावीकडे कलवायचा आणि म्हणायचा, "दुसरा व्हॉल्व्ह." व्हॉल्व्ह बदलला की खरखर बंद. गिऱ्हाईक थक्क. मीटरला तोच दोष सापडायला तास लागायचा. सापडायचा अचूक, पण तासाभरानंतर आलेल्या अचूक उत्तराला टाळ्या कोण वाजवतो? "मीटर चिकाटीचा आहे हो," असं सासरे म्हणायचे, पण नापास मुलाच्या बापाला मास्तर "अक्षर छान आहे हो त्याचं" म्हणतात, त्या सुरात.

सासऱ्यांनी काम सोडलं तेव्हा वर्कशॉप कानसेनकडे गेलं. मीटरला त्यांनी आपला स्कोप दिला. आवाजाची लाट हिरव्या रेघेत पडद्यावर दाखवणारं ते जुनं, जड यंत्र. "कानसेनला त्याचा काय उपयोग? तुलाच होईल," असं म्हणून दिला. देणं मोठं होतं, पण शब्द असे काही होते की ते यंत्र घरी नेताना मीटरला हमालासारखं वाटलं.

त्याने दोन गल्ल्या सोडून स्वतःचं दुकान टाकलं. एका बाजूला किल्ल्या बनवणारा, दुसऱ्या बाजूला चपला शिवणारा, मध्ये बोळकांडीसारखी लांबट खोली. काम बरं चालायचं. पण रोज सकाळी दुकानाला जाताना तो जवळचा रस्ता सोडून कानसेनच्या वर्कशॉपवरून जायचा आणि काचेतून आत किती ॲम्प रांगेत उभे आहेत ते मोजायचा. दुखऱ्या दाताला जीभ लावून बघतात तसं. सात असले की दिवस वाईट जायचा. चार असले की बरा जायचा. बायकोला हे माहीत होतं. तिने एकदाच विचारलं होतं, "आज किती?" त्यानंतर दोन दिवस घरात बोलणं नव्हतं.

अशा माणसाच्या दुकानात एका मंगळवारी गिटारच्या बाई आल्या.

बाई म्हणजे मुलांना गिटार शिकवणाऱ्या, स्वतः उत्तम वाजवणाऱ्या, केस आखूड कापलेल्या पन्नाशीच्या बाई. त्या कानसेनच्या पंधरा वर्षांच्या गिऱ्हाईक. मीटरने त्यांना ओळखलं आणि हातातला पाना खाली ठेवला. बाईंनी तांबड्या कापडाने मढवलेला आपला ॲम्प ढकलगाडीवरून उतरवला, सॉकेटमध्ये पिन घातली आणि काही न सांगता बाजूला उभ्या राहिल्या.

व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागतं. मग स्पीकरमधून हलकी घुमघुम आली, तिच्यावर श्वासासारखा फुसफुसाट आला, आणि त्या सगळ्याच्या वर, अगदी उंच, केसाइतकी बारीक शिट्टी.

"तुम्हाला ऐकू येतंय?" बाईंनी विचारलं.

"शिट्टी? येतेय की."

बाई मटकन स्टुलावर बसल्या. "मला वाटलं माझ्याच डोक्यात आहे," त्या म्हणाल्या. "तीन वेळा नेला हो त्यांच्याकडे. तिन्ही वेळा म्हणाले, बाई, काही नाही. शेवटच्या वेळी म्हणाले, कानांना जरा विश्रांती द्या. मी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले! त्यांनी सांगितलं, तुमचे कान ठणठणीत आहेत. मग मला वाटलं, म्हणजे आता डोकंच फिरलं. महिनाभर धड झोप नाही मला. शिकवताना मुलांकडे बघते, की यांना ऐकू येतंय का. विचारायची भीती वाटते."

"त्यांच्याकडे म्हणजे... कानसेनकडे?" मीटरने विचारलं. ठाऊक असूनही विचारलं. त्याला ते नाव ऐकायचं होतं.

"हो ना. तुमचे साडूच ना ते? मला कसंतरीच वाटतंय इथे यायला."

"छे छे, त्यात काय," मीटर म्हणाला, आणि बाईंची पावती नेहमीपेक्षा ठळक अक्षरात लिहिली.

बाई गेल्यावर त्याने दार लोटून घेतलं आणि कामाला बसला. ॲम्पमध्ये नको असलेला आवाज शोधणं हे घरातला चोर शोधण्यासारखं असतं. एकेक खोली बंद करत जायचं. गिटारची वायर काढली, शिट्टी आहेच. म्हणजे गिटार सुटली, वायर सुटली. आवाजाचं बटण खाली आणलं, शिट्टी मेली. वर नेलं, पुन्हा आली. उंच सुरांचं बटण फिरवलं तशी ती धारदार झाली. म्हणजे चोर सुरुवातीच्या भागात. त्याने फडक्यात धरून पहिला व्हॉल्व्ह उपसला. शांत. त्या जागी कोरा व्हॉल्व्ह बसवला. थोड्या वेळाने तीच शिट्टी परत. म्हणजे दोष व्हॉल्व्हचा नव्हे, व्हॉल्व्हच्या आजूबाजूचा.

स्कोप लावल्यावर ती पडद्यावर दिसलीही. मुख्य रेघेवर बारीक हिरवी लव उठली होती, गालावर दाढी उगवावी तशी. सेकंदाला नऊ हजारांच्या आसपास कंपनं. एवढं ढळढळीत.

मग त्याने डावा हात खिशात घातला. उघड्या ॲम्पच्या पोटात माणूस मरेल इतका विजेचा दाब असतो, आणि दोन्ही हात आत घातले तर तो छातीतून जातो, ही सासऱ्यांची पहिली शिकवण. उजव्या हातात लाकडाची लांब काडी घेऊन तो एकेक वायर हलवू लागला. ही नाही. ही नाही. काडी एका जुडीला लागली आणि शिट्टीचा सूर वाकला.

मीटर थांबला. जुडी सुंदर होती. मेणाच्या दोऱ्याने सारख्या अंतरावर गाठी मारून पाच वायरी एकत्र बांधल्या होत्या, कोपऱ्यावर काटकोनात वळवल्या होत्या. अशी जुडी एकच माणूस बांधायचा. सासरे शिकाऊ पोरांना मुद्दाम बोलवून दाखवायचे, हे बघा, याला म्हणतात हात. आणि त्या देखण्या जुडीत कानसेनने आत येणाऱ्या नाजूक सुराची वायर बाहेर जाणाऱ्या दांडग्या वायरीच्या कुशीत बांधली होती. बाहेरचा आवाज तिथून आत शिरत होता, पुन्हा मोठा होऊन बाहेर पडत होता, पुन्हा आत शिरत होता. त्या फेऱ्याची ही शिट्टी. मीटरने काडीने ती एक वायर अर्धा इंच बाजूला दाबली. शिट्टी नाहीशी झाली. सोडली, आली.

दोन गाठी कापायच्या, वायर दुसऱ्या बाजूने न्यायची. दोन मिनिटांचं काम.

मीटरने ते केलं नाही.

हा विचार त्याच्या मनात नेमका कधी आला ते त्याला पुढे कधी सांगता आलं नाही. पण आला तेव्हा तो पूर्ण तयार होऊनच आला. रविवारी सासऱ्यांकडे सगळ्यांचं जेवण होतं. त्याने बाईंना फोन केला, "दोष सापडलाय. सोमवारी न्या." बाईंचं ध्वनिमुद्रण त्यानंतरच्या गुरुवारी होतं. त्या आनंदाने हो म्हणाल्या. त्या आठवड्यात मीटर कानसेनच्या वर्कशॉपवरून गेला तेव्हा त्याने ॲम्प मोजले नाहीत.

रविवारी तो ॲम्प उचलून निघाला तशी बायको म्हणाली, "हे धूड कशाला जेवायला?"

"बाबांना दाखवायचंय. जुनी घडण आहे. त्यांना आवडेल."

"अहो, खरं सांगा."

"खरंच."

तिने त्याच्याकडे भाजीवाल्याच्या तराजूकडे बघावं तसं बघितलं.

जेवणं अर्ध्यावर आली होती. सासूबाई नेहमीप्रमाणे सगळ्यांना वाढून झाल्यावर बसल्या होत्या. सासरे एक्याऐंशी वर्षांचे, पण गप्पांत सगळ्यांच्या पुढे. कानसेन त्यांच्या उजव्या हाताला, तिथे तो नेहमीच बसायचा. कानसेन बोलायला गोड, त्यातून हसरा. त्याच्यावर रागावणं कठीण, म्हणून मीटरचा राग आणखी वाढायचा.

"बाबा," मीटर म्हणाला, "एक ॲम्प आणलाय. जरा ऐकून सांगा ना."

"आण, आण!" सासऱ्यांचे डोळे चमकले. या घरात तोंडात घास असताना ॲम्प ऐकणं कुणालाच नवीन नव्हतं.

मीटरने तो भिंतीशी ठेवला, मागची फळी काढली. कानसेनने मान वर केली. "हा बाईंचा ना? तीनदा बघितलाय मी हा, दादा. काही नाहीये त्यात."

"तेच म्हटलं, तूही ऐक. बाबाही ऐकू देत."

"लावा की," कानसेन हसत म्हणाला. तो उठला, चार पावलं लांब उभा राहिला, डोळे मिटले, मान डावीकडे कलवली. सगळं अगदी तसंच, जसं सगळ्यांनी हजारदा पाहिलं होतं.

अर्धं मिनिट गेलं. शिट्टी आली. मीटरने उंच सुरांचं बटण शेवटपर्यंत नेऊन ठेवलं होतं. खोलीत जणू सुई ओढली गेली. सासूबाईंनी घास तोंडात तसाच ठेवून दोन्ही कानांवर हात ठेवले. बायकोने कपाळाला आठ्या घालून मान फिरवली. कानसेनच्या बायकोने, धाकटीने, मात्र कानांवर हात नेले नाहीत. ती नवऱ्याकडे बघत होती.

"शांत आहे," कानसेन डोळे मिटूनच म्हणाला. "थोडी घुमघुम आहे, ती जुन्या ॲम्पला असतेच. बाकी एकदम शांत."

"बरोबर!" सासऱ्यांनी ताटावर बोट आपटलं. "मलाही काही ऐकू येत नाही. मीटर, उगाच कशाला त्रास देतोस रे त्याला?"

"तुम्हाला कुठून ऐकू येणार!" सासूबाई घास गिळून म्हणाल्या. "ऐंशी पार केलेले कान तुमचे. अहो, दातात शिरतंय ते, बंद करा!"

कानसेनने डोळे उघडले. त्याने सासूबाईंचे कानांवरचे हात पाहिले. मीटरच्या बायकोच्या आठ्या पाहिल्या. मग सासऱ्यांकडे पाहिलं. ते अजून हसत होते, आपण जिंकलो अशा थाटात. मग ते हसणंही हळूहळू थांबलं, कारण म्हातारा मूर्ख नव्हता.

शिट्टी वाजत राहिली.

धाकटी उठली, भिंतीपाशी गेली आणि तिने पिन उपसून काढली. विझत जाणाऱ्या व्हॉल्व्हसोबत शिट्टी क्षणभर रेंगाळली आणि गेली. कानसेनला ती गेल्याचं इतरांच्या चेहऱ्यांवरून कळलं, हे मीटरने पाहिलं.

हे त्याला माहीत नव्हतं. चूक दाखवायची होती, निष्काळजीपणा दाखवायचा होता. गड्याचे कान गेलेत हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. त्याच्या छातीत आधी काहीतरी थुईथुई नाचलं, ते त्याला नाकारता आलं नाही. मग त्याला लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही असती. पण तेवढ्यात सासरे उठले, कानसेनजवळ गेले आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून उभे राहिले. सासूबाईंनी डोळे पुसत कानसेनच्या ताटात आणखी वाढलं. आणि मीटरला, लाज वाटायच्या त्या क्षणी, हेवाच वाटला. तेवीस वर्षांत सासऱ्यांनी त्याचा हात कधी असा धरला नव्हता. बहिरा होऊनही पहिला तोच.

निघताना धाकटीने त्याला जिन्यात गाठलं. "भाऊजी, फोन करून विचारता आलं नसतं तुम्हाला? एकदा?"

"मला माहीत नव्हतं गं."

"मला दोन वर्षं माहीत आहे," ती म्हणाली. "दोन वर्षं मी त्यांना न कळू देता त्यांचा कान झालेय. तुम्हाला दोन मिनिटं पुरली." आणि ती वर गेली.

घरी जाताना ॲम्प बायकोनेही एका बाजूने धरला होता. एवढंच.

सोमवारी मीटर दुकानापाशी पोचला तेव्हा बंद शटरसमोर कानसेन उभा होता. दाढी केलेली नव्हती. किल्लीवाल्याने दिलेला चहा त्याच्या हातात तसाच गार झाला होता.

"दादा, तुम्हाला ठाऊक होतं?"

मीटर कुलपाशी झटापट करत राहिला. "छे रे, मला काय कल्पना" हे वाक्य जिभेवर तयार होतं. अर्धं खरंही होतं. शटर वर गेलं, आत उजेड पडला, आणि त्याने ते वाक्य गिळलं.

"कानाचं ठाऊक नव्हतं. शप्पथ. पण ॲम्पमध्ये तुझी चूक आहे ते ठाऊक होतं. मंगळवारीच दोन मिनिटांत झालं असतं. बाबांसमोर तुझी फजिती करायची म्हणून ठेवून घेतला."

"हं," कानसेन म्हणाला. "तेवढं कळलं होतं मला."

तो आत येऊन स्टुलावर बसला. मीटरला वाटलं आता हा भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं.

"आधी कुकरची शिट्टी गेली," कानसेन सांगू लागला. "म्हणजे यायची, पण भिंतीपलीकडून आल्यासारखी. मग फोनची किणकिण. ताप मोजायचं ते यंत्र आहे ना, ते वाजतं म्हणे. मला नाही ऐकू येत. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं स्पीकरसमोर कान देऊन उभे राहिलात, वरचे सूर गेले ते गेले, परत नाही यायचे. कानात यंत्र लावा म्हणाले." त्याने कानाला बोट लावलं. "कानसेनने कानात यंत्र लावायचं, दादा!"

दोघांनाही हसू फुटता फुटता राहिलं.

"मग कामं कशी करायचास?"

"लोक येतात तेव्हा तोंडाने सांगतातच की काय होतंय ते. निम्मं त्यावरून. उरलेलं हाताने, सवयीने. डोळे मिटून उभं राहायचं तेवढं नाटक." त्याने कप खाली ठेवला. "बाईंशी मात्र वाईट वागलो. त्या शिट्टी म्हणाल्या तेव्हा मला कळलं होतं, असेल शिट्टी. मला येत नव्हती म्हणून नाही म्हणालो. तीनदा."

मीटरने ॲम्प टेबलावर आडवा केला, मागची फळी काढली आणि कात्री कानसेनसमोर सरकवली. "तुझी जुडी आहे. तूच सोड. मी ऐकतो."

कानसेनने वाकून पाहिलं आणि बघताक्षणी त्याला कळलं. "अरे देवा," तो स्वतःशीच म्हणाला. "यांना एकत्र बांधलं मी? दिसायला बरं दिसावं म्हणून." त्याने ॲम्प बंद असल्याची खात्री केली, साठलेला दाब काढून टाकला, दोन गाठी कापल्या. वायर मोकळी करून त्याने ती पत्र्याच्या कडेने दुसरीकडे वळवली आणि काडीने धरून ठेवली. डावा हात खिशात. मीटरने पिन लावली.

"आहे," मीटर म्हणाला. "आहे. थोडी डावीकडे. आहे. बारीक झाली. आणखी... गेली. थांब, परत आली. हां. गेली."

"गेली?"

"गेली."

"नक्की?" कानसेनने विचारलं, आणि त्या प्रश्नात इतकं आर्जव होतं की मीटरने उत्तर द्यायच्या आधी स्कोप लावला आणि पडदा त्याच्याकडे वळवला. हिरवी रेघ गुळगुळीत होती. कानसेन त्या रेघेकडे बराच वेळ बघत बसला.

बाई दुपारी आल्या. कानसेनला तिथे बघून दारातच थबकल्या. तो उभा राहिला.

"बाई, शिट्टी होती. माझ्याच कामामुळे होती. मला ती ऐकू येत नाही, माझे कान गेलेत, आणि ते सांगायची लाज वाटली म्हणून मी तुम्हाला खोटं पाडलं."

मीटरला वाटलं बाई विरघळतील. कानसेनसमोर सगळेच विरघळतात. पण बाई लालबुंद झाल्या. "मी वेडी झालेय असं वाटत होतं मला," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कल्पना आहे का त्याची? डॉक्टरांसमोर रडले मी!" कानसेनने मान खाली घातली. बाईंनी गिटार काढली, चार सूर छेडले, मग हात तारांवर ठेवून नुसती शांतता ऐकली. पुष्कळ वेळ ऐकली. मग त्या मीटरकडे वळून म्हणाल्या, "तुमचे आभार. इथून पुढे मी इथेच येणार."

हे वाक्य मीटरला तेवीस वर्षं हवं होतं, आणि तेही साडूच्या देखत. मिळाल्यावर ते गोड लागलं नाही असं म्हणणं खोटं होईल. लागलं. पण "वायर यानेच नीट लावली," असंही तो म्हणाला, थोडा उशिरा, बाई ढकलगाडी दाराबाहेर काढत असताना. त्यांना ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

त्या गेल्यावर कानसेन म्हणाला, "दादा, मला ते यंत्र शिकवाल?"

"कानातलं?"

"ते लावून घेईन मी. पडद्यावरचं."

नाही म्हणायला मीटरकडे कारण नव्हतं, आणि हो म्हणायला मन होत नव्हतं. तो स्कोप ही त्याची एकच गोष्ट अशी होती जी कानसेनकडे नव्हती. "बुधवारी ये," तो म्हणाला. "बुधवारी काम कमी असतं." घरी येऊन त्याने बायकोला हे सांगितलं. ती कपडे घड्या घालत होती. तिने वर न बघता विचारलं, "जवळच्या रस्त्याने आलात आज?" तो हो म्हणाला. रविवारच्या जेवणानंतरचं हे त्यांचं पहिलं बोलणं.

पहिल्या बुधवारी कानसेन कानात यंत्र घालून आला आणि दिवसभर त्याला पंख्याचाच आवाज येत राहिला. बटणं कुठली काय करतात ते तो वहीत लिहून घेत होता. त्याला स्कोपवरची रेघ स्थिर धरता येईना. ती पडद्यावरून पळत सुटायची, आणि मीटर मनातल्या मनात खूश व्हायचा. दुसऱ्या बुधवारी रेघ स्थिर झाली.

चौथ्या बुधवारी एका गाणाऱ्याचा ॲम्प टेबलावर होता. जाडसर घुमघुम येत होती. मीटर अजून मीटरची टोकं लावून एकेक जागा तपासत होता. कानसेन पडद्याकडे बघत म्हणाला, "दादा, ही सेकंदाला शंभर कंपनांची आहे, पन्नासची नाही. व्हॉल्व्ह तापवणाऱ्या वायरीतून नाही आली. वीज साफ करणारा कपॅसिटर वाळलाय. तो मोठा, डावीकडचा."

मीटरने मनात मोजलं, पूर्वी काचेतून ॲम्प मोजायचा तसं. चार बुधवार! त्याला स्वतःला हे कळायला दीड वर्ष लागलं होतं.

"परत बघ," तो म्हणाला.

"बघितलं."

मीटर उठला. त्याने ॲम्प बंद केला, दाब काढला, तो कपॅसिटर सोडवला आणि मीटरवर लावला. काटा जेमतेम हलून पडला. त्याने कोरा कपॅसिटर बसवला, पिन लावली, व्हॉल्व्ह तापू दिले. घुमघुम नव्हती. कानसेन पडद्याकडे नाही, त्याच्या चेहऱ्याकडे बघत होता.

मीटरने घसा खाकरला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बरोबर आहे," तो म्हणाला.